राउटरला लावलेली डिस्क सारखी गायब होते? या चुका टाळा

राउटरच्या यूएसबीला लावलेली डिस्क चार दिवस नीट चालते आणि एका संध्याकाळी फोटोंचा फोल्डर रिकामा दिसतो. राउटर बंद-चालू केला की सगळं जागेवर, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मग लोक नवीन पेन ड्राइव्ह घेऊन येतात. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! वर्षानुवर्षं अहोरात्र चालू असलेल्या राउटरवर डिस्क वारंवार गायब होत असेल, तर पहिला संशय विजेवर घ्या, डिस्कवर नंतर.

रीस्टार्ट करून पुरावा पुसू नका

राउटरचा सिस्टीम लॉग (घडामोडींची नोंद) सहसा रॅममध्येच असतो, त्यामुळे रीस्टार्ट केला की तो गेला. डिस्क गायब झाल्यावर आधी लॉग उघडा आणि कॉपी करून ठेवा. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची मुक्त, लिनक्सवर आधारलेली प्रणाली) असेल तर ‘लॉगरीड’ (logread) आणि ‘डीमेसेज’ (dmesg) या दोन कमांड पुरतात.

‘यूएसबी डिस्कनेक्ट’ अशी ओळ आणि लगेच पुढच्या क्रमांकाने तीच डिस्क नव्याने सापडल्याची नोंद दिसली, तर डिस्क क्षणभर सुटून परत जोडली गेली आहे. दोष वीज, केबल किंवा पोर्टमध्ये शोधा. डिस्कनेक्ट कुठेच नाही, पण एकाच भागातल्या सेक्टरवर ‘आय/ओ एरर’ (वाचता-लिहिता न आल्याच्या चुका) येत राहतात, तर मात्र डिस्क खराब होत चालली आहे. आधी डेटा दुसरीकडे हलवा.

सुटून परत आलेली डिस्क बऱ्याचदा ‘एसडीए’ऐवजी ‘एसडीबी’ नावाने येते आणि राउटर जुन्याच नावाचा पत्ता धरून बसतो. फोल्डर रिकामा दिसतो तो यामुळेच. ओपनडब्ल्यूआरटीवर डिस्क माउंट करताना, म्हणजे फोल्डरला जोडताना, नावाऐवजी यूयूआयडी (डिस्कचा न बदलणारा ओळख क्रमांक) द्या.

अडॅप्टरला गृहीत धरू नका

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. यूएसबी 2.0 च्या पोर्टने 500 मिलिअँपिअर द्यावेत आणि 3.0 च्या पोर्टने 900, असं मानक सांगतं. अडीच इंची हार्ड डिस्क फिरायला सुरुवात करताना क्षणभर 1 अँपिअरच्या आसपास ओढू शकते. राउटरसोबत आलेला अडॅप्टर 12 व्होल्ट, 1 अँपिअरचा असेल तर एकूण 12 वॉट. त्यातच वायफाय, प्रोसेसर आणि डिस्क भागवायची. अडॅप्टरमधले कपॅसिटर उष्णतेने सुकत जातात आणि नवीन असताना जमलेलं काम पुढे जमेनासं होतं. मल्टिमीटरवर 12 व्होल्ट दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका. लोड नसताना ते दिसतातच. डिस्क फिरू लागताना आकडा घसरतो का, ते बघा.

बदली अडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच, पिनची पोलॅरिटी (प्लस-मायनस) तीच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त हवेत. लाइट जाते म्हणून मिनी यूपीएस लावला असेल, तर त्यावरचे अँपिअरही राउटर आणि डिस्क दोघांना पुरायला हवेत. हार्ड डिस्कसाठी खरा उपाय म्हणजे स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब. एक तपासणी मात्र नक्की करा: हब चालू ठेवून राउटरचा अडॅप्टर काढा. राउटरचा एखादा दिवा मिणमिणत राहिला, तर हब उलट दिशेने वीज ढकलतोय. तो हब दुकानात परत द्या.

फॉरमॅट आणि स्वॅप

फॅट32 या फॉरमॅटमध्ये जर्नल, म्हणजे बदलांची आधी करून ठेवलेली नोंद, नसतं. लिहिता लिहिता वीज गेली की फाइल सिस्टीम बिघडू शकते. शिवाय 4 जीबीहून मोठी फाइल बसत नाही. विंडोजचं एनटीएफएस जुन्या प्रोसेसरला जड जातं. राउटरला चालत असेल तर लिनक्सची ईएक्सटी4 फाइल सिस्टीम घ्या, फक्त विंडोज ती थेट वाचत नाही हे लक्षात ठेवा. दुरुस्ती करायची तर डिस्क काढून लिनक्स संगणकावर, माउंट न करता, ‘ई2एफएससीके’ (e2fsck) ही कमांड चालवा. रॅम कमी पडते म्हणून स्वस्त पेन ड्राइव्हवर स्वॅप (रॅमला जोड म्हणून वापरायची डिस्कवरची जागा) ठेवू नका; सततच्या लिखाणाने तो लवकर मरतो.

यूएसबी 3.0 ची डिस्क लावल्यावर 2.4 गिगाहर्ट्झचं वायफाय मंदावत असेल, तर पोर्ट 2.0 मोडवर ठेवा.

डिस्क ठीक, तरी विंडोजला दिसत नाही

राउटरच्या पानावर डिस्क दिसते, लॅपटॉपवर नाही? जुने राउटर बहुधा एसएमबी1 (नेटवर्कवर फाइल शेअर करायची जुनी भाषा) बोलतात आणि विंडोज 10 च्या 1709 आवृत्तीपासून, म्हणजे 2017 च्या शेवटापासून, नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ते सहसा येतच नाही. ते हाताने चालू करायचा सल्ला जागोजागी मिळेल, पण ऐकू नका. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हे खंडणी मागणारं मालवेअर पसरलं ते एसएमबी1 मधल्याच फटीतून. नव्या सांबासह (फाइल शेअर करणारं सॉफ्टवेअर) फर्मवेअर, म्हणजे राउटरची आतली प्रणाली, मिळत असेल तर टाका. नसेल, तर राउटरला फक्त इंटरनेट सांभाळू द्या आणि डिस्क घरातल्या एखाद्या जुन्या लॅपटॉपला जोडून तिथून शेअर करा.