टाचेमागची शीर आणि जिन्याची पायरी

मुंबई मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर एकदा तरी धावायचे, हे अकरा वर्षं मनात होतं. ऑगस्टमध्ये पाम बीच रोडवर नेरूळहून वाशीकडे धावताना उजव्या टाचेच्या वरच्या बाजूला कळ आली. सकाळी उठल्यावर पहिली दहा पावलं भिंत धरून टाकावी लागायची. तीन आठवडे धावणं बंद ठेवलं. परत सुरू केलं तर दुखणं जिथल्या तिथे!

फिजिओथेरपिस्ट ताईंनी शीर चिमटीत धरून दाखवली. अकिलीस टेंडन, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी शीर, चांगली जाड झालेली. म्हणाल्या, "नुसत्या आरामाने ती बळकट होणार नाही, तिला भार द्यायला हवा."

जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे, टाचा अधांतरी. वर जाताना दोन्ही पाय, खाली येताना फक्त दुखरा. अगदी सावकाश, टाच पायरीच्या खाली जाईपर्यंत. १५ वेळा, असं ३ दा, गुडघा सरळ ठेवून. मग तेवढंच गुडघा वाकवून. दिवसातून दोनदा, १२ आठवडे. स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेली ही पद्धत. (शीर टाचेच्या हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल, तर टाच खाली न नेता सपाट जमिनीवरच करा.)

पहिले दोन आठवडे जास्तच दुखलं. जानेवारीची शर्यत सोडावी लागली. त्या दिवशी पेडर रोडच्या चढावर धावणाऱ्यांना पाणी देताना खूप रडले.

परवा नेरूळ-बेलापूर फेऱ्या मारत २४ किलोमीटर झाले. सकाळी उठले, भिंत धरावी लागली नाही.