कोंबडीच्या खाद्यात एन्झाइम टाकताय? आधी पिशवीत धान्य कोणतं ते बघा

इथेनॉलवाले मका उचलायला लागले तेव्हापासून अमळनेरच्या मार्केटला भाव विचारायचीच धास्ती वाटते, आणि मका चढला की आठ दिवसात कोणीतरी पाकीट घेऊन शेडवर हजर, भाऊ हे एन्झाइम टाका, खाद्यात पैसे वाचतील. वाचतात, खोटं नाही. एन्झाइम म्हणजे कोंबडीला स्वतःहून पचत नाही ते पचवायला मदत करणारी पावडर. पण आपण करतो काय, जुना फॉर्म्युला जसाच्या तसा ठेवतो आणि वरून चमचाभर एन्झाइम, म्हणजे खर्च वाढला आणि वाचलं काहीच नाही. एन्झाइम टाकलं तर फॉर्म्युल्यातून काहीतरी कमी करायला पाहिजे, नाहीतर ते टाकूच नका. (कंपनीच्या करारावर ब्रॉयलर करणाऱ्यांनी हे सोडून द्या, तुमच्या खाद्यात कंपनीने जे टाकायचं ते आधीच टाकलेलं असतं. हे घरी भरडा करून मॅश बनवणाऱ्या लेअरवाल्यांसाठी, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी लिहितोय.)

पहिले धान्य बघा. मका-सोयाचं खाद्य असेल तर सगळ्यात आधी फायटेज, बाकीचं नंतर. गहू, म्हणजे गोडाऊनचा भिजलेला, किडका, स्वस्तात मिळालेला गहू घालत असाल तर झायलनेज, कारण गव्हातला एक तंतू कोंबडीच्या आतड्यात खळीसारखा चिकट होतो, विष्ठा चिकट पडते, पिंजऱ्याखाली ओल आणि अमोनियाचा वास, आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. जव असेल तर बीटा-ग्लुकनेज, पण आपल्याकडे जव घालतंय कोण. गवार कोरमा (गवार बियांची पेंड) घालणाऱ्यांनी मॅननेज विचारावं, त्यातही चिकटपणाचाच त्रास. बाजरीला मात्र असा चिकटपणा फार नसतो, मक्यापेक्षा प्रोटीनही थोडं जास्त, म्हणून मका महाग असला की मी निम्म्यापर्यंत बाजरी घालतो, फक्त बलक फिका पडतो आणि मग गिऱ्हाईक कुरकुरतं. बलकाचा पिवळा रंग मक्यातून येतो, एन्झाइममधून नाही.

आता फायटेज, कारण पैसा इथे आहे. मका, सोया पेंड, डीओआरबी (तेल काढलेला भाताचा कोंडा), यांच्यातला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट नावाच्या पदार्थात अडकलेला असतो आणि कोंबडीच्या पोटात तो सोडवायची सोय जवळपास नाहीच, म्हणून आपण वरून डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) टाकतो आणि आतला फॉस्फरस विष्ठेतून उकिरड्यावर. फायटेज तो सोडवतं. ग्रॅमला ५००० युनिटचं पाकीट असेल तर टनाला १०० ग्रॅम म्हणजे किलो खाद्यात ५०० युनिट होतात, लेअरला ३०० वर भागतं, म्हणजे टनाला ६० ग्रॅम. मी टनाला १० किलो डीसीपी टाकायचो, आता ५ टाकतो. पाकिटावर किंवा सोबतच्या कागदावर मॅट्रिक्स व्हॅल्यू दिलेली असते, किती फॉस्फरस धरायचा ते, तो कागद मागूनच घ्या, जो देत नाही त्याचं पाकीट परत करा.

आणि इथेच मी आपटलो होतो. पहिल्या वेळी हौसेने डीसीपी पूर्णच बंद केली. एप्रिल संपत आलेला, पाकीट पत्र्याच्या खोलीत डिझेलच्या कॅनवर ठेवलेलं, दुपारी त्या खोलीत हात लावावा तिकडे चटका. तिसऱ्या आठवड्यात ट्रे भरताना अंगठ्याखाली अंडं दबलं, फुटलं नाही, दबलं, कागदासारखं. आप्पा म्हणे, "उन्हायाम्हा असंच ऱ्हास भो." ते पण खरंय, उन्हात कोंबडी धापा टाकते तेव्हा कवच पातळ होतंच. पण सावलीच्या ओळीतली अंडी पण तशीच निघाली आणि दोन-चार कोंबड्या पिंजऱ्यात बसूनच राहिल्या, उठेनात, तेव्हा कळलं की आपलंच गणित चुकलंय, डीसीपी शून्य आणि उष्णतेने पाकिटातलं एन्झाइमही बहुतेक मेलेलं. डीसीपी परत चालू केली, कवच सावरायला बरेच दिवस लागले. तेव्हापासून पाकीट घरात थंड जागी, तोंड घट्ट बांधून, आणि एका महिन्यापुरतंच आणतो.

अजून एक गोष्ट राहून जाते, डीसीपीमध्ये फॉस्फरससोबत कॅल्शियम पण असतं. ५ किलो काढली की किलोभर कॅल्शियम गेलं, ते मार्बल चिप्स (कॅल्शियमसाठी घालतो ती दगडाची खडी) साधारण ३ किलो वाढवून भरून येतं, पाकिटाचा कागद कॅल्शियमला पण व्हॅल्यू देत असेल तर तेवढं कमी धरा. पण भीतीपोटी चिप्स घमेल्याने ओतू नका, जास्तीचं कॅल्शियम फायटेटला घट्ट धरून बसतं आणि फायटेजचं काम अडतं.

आता मिसळणं. ५०० किलोच्या मिक्सरला ३० ग्रॅम फायटेज, म्हणजे मूठभर सुद्धा नाही, ते सरळ ड्रममध्ये टाकलं तर अर्ध्या खाद्यात काहीच नाही आणि कुठेतरी गठ्ठा. सोनाराच्या काट्यासारखा छोटा काटा मिळतो तो घ्या, अंदाजपंचे चमचा नको. ३० ग्रॅम आधी किलोभर बारीक भरड्यात, ते चांगलं एक झालं की १० किलोत, मग ते १० किलो मिक्सर अर्धा भरल्यावर टाका आणि वरून बाकीचं. मिक्सर किती मिनिटं फिरवायचा ते एकदा बघून ठरवून घ्या, थोडं मीठ आणि रंगीत खडू कुटून टाकून बघितलं तर कळतं कुठे पोचलं कुठे नाही (तेवढं खाद्य मग बाजूला काढा). आपलं मॅश असतं म्हणून उष्णतेची भीती नाही, पण बाहेरून पेलेट (दाबलेल्या गोळ्या) करून आणत असाल तर तिथे वाफेने खाद्य ८०-८५ डिग्रीपर्यंत तापतं, साधं एन्झाइम त्यात मरतं, उष्णता सोसणारं, कोटिंगवालं आहे का ते विचारा.

डीडीजीएस बद्दल खूपजण विचारतात, इथेनॉलचाच चोथा तो. स्वस्त आहे, तंतू जास्त म्हणून झायलनेजचा उपयोग होतो. पण मक्यात जी बुरशी होती तिचं विष चोथ्यात साधारण तिप्पट होऊन येतं, आणि ही वरची एन्झाइमं विषावर काहीही करत नाहीत, त्याला टॉक्सिन बाइंडर (विष धरून ठेवणारी पावडर) वेगळं. लाल ज्वारीतल्या टॅनिनवरही (तुरट घटक) ही एन्झाइमं काही करत नाहीत, आपली दादर ज्वारी पांढरी, तिच्यात तो त्रास नाही.

चालतंय की नाही ते बघायला अख्खी शेड पणाला लावू नका. दोन ओळी नव्या खाद्यावर, दोन जुन्यावर, महिनाभर. रोजचं खाद्य तोलून टाका आणि उरलेलं पण तोला, अंडी वेगळी मोजा, तडकलेली आणि पातळ कवचाची वहीत वेगळ्या खान्यात. माझ्या वहीत पहिला आठवडा काहीच फरक नव्हता, मी वैतागून बंद करणार होतो. शेवटी अंडी दोन्हीकडे सारखी, कवच सारखं, आणि नव्या ओळींच्या खाद्याचा खर्च कमी, मग बाकीच्या शेडला चालू केलं.