स्पोर्ट्स कारचे शॉकॲब्सॉर्बर घरी बदलताना

शॉकॲब्सॉर्बर निकामी झाला आहे की नाही, हे पाहण्यासाठी गाडीचा कोपरा हाताने दाबून सोडण्याची जुनी रीत स्पोर्ट्स कारच्या बाबतीत फारशी उपयोगाची नाही, कारण या गाड्यांच्या स्प्रिंग इतक्या कडक असतात की हाताच्या जोराने गाडी जेमतेम हलते. त्याऐवजी टायर पाहावा. त्याच्या पृष्ठभागावर ठरावीक अंतराने खळगे पडल्यासारखी झीज दिसली, ब्रेक लावताच नाक पूर्वीपेक्षा जास्त खाली जाऊ लागले किंवा शॉकच्या नळकांड्यावरून तेल ओघळू लागले, तर बदलण्याची वेळ आली असे समजावे. नळकांड्याच्या वरच्या भागावर तेलाचा पुसट थर असणे मात्र नेहमीचे आहे. तेवढ्यावरून खर्चात पडू नये.

शॉक नेहमी जोडीने, म्हणजे एका ॲक्सलचे (पुढचे किंवा मागचे) दोन्ही एकदम बदलावेत. त्यांच्याबरोबर बंप स्टॉप (शॉक पूर्ण दबल्यावर धक्का झेलणारा ठोकळा), धुळीपासून दांड्याचे रक्षण करणारे रबरी आवरण आणि वरचा माउंट (शॉकला बॉडीशी जोडणारी बैठक) हेही नवे आणावेत, कारण जुना माउंट खिळखिळा झालेला असेल तर तेच सगळे काम पुन्हा करावे लागते. नायलॉनची कडी असलेले नट आणि निर्मात्याने एकदाच वापरण्यास सांगितलेले बोल्ट पुन्हा बसवू नयेत. गाडीत विजेवर कडकपणा बदलणारे शॉक असतील आणि त्यांच्या जागी साधे बसवायचे असतील, तर डॅशबोर्डवर दोषाचा दिवा लागतो. त्यासाठी लागणारे मॉड्यूल आधीच मागवावे. त्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलशिवाय काम सुरू करू नये. अनेक गाड्यांत मॅकफर्सन स्ट्रटचे (शॉक आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या, चाकाला धरून ठेवणाऱ्या भागाचे) खालचे बोल्ट 100 न्यूटन-मीटरपेक्षा (न्यूटन-मीटर हे आवळण्याच्या जोराचे, म्हणजे टॉर्कचे, माप) जास्त आवळावे लागतात, तर वरच्या माउंटचे छोटे नट साधारण 20 ते 50 न्यूटन-मीटरमध्येच बसतात, आणि हा फरक हाताच्या अंदाजाने सांभाळता येत नाही.

गाडी उचलण्यापूर्वी, ती सपाट जमिनीवर स्वतःच्या वजनाने उभी असताना, प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर मोजून लिहून ठेवावे. या चार आकड्यांची गरज शेवटी पडणार आहे. नेहमीचा जॅक बऱ्याच स्पोर्ट्स कारखाली शिरतच नाही. अशा वेळी चाके आधी लाकडी फळ्यांवर चढवून घ्यावीत. जॅक ठरवून दिलेल्या ठिकाणीच लावावा, कारण बाजूचे प्लॅस्टिकचे किंवा कार्बन फायबरचे स्कर्ट भार घेत नाहीत. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत आणि जमिनीवर राहणाऱ्या चाकांच्या दोन्ही बाजूंना ठोकळे लावावेत. एका ॲक्सलच्या दोन्ही बाजू एकदम उचलून स्टँडवर ठेवाव्यात. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार (डावी-उजवी बाजू जोडणारी आडवी सळई) पिळलेला राहतो आणि त्याची लिंक (टोकाचा छोटा जोडदांडा) सोडवणे व पुन्हा बसवणे अवघड होते. गाडी केवळ जॅकवर असताना तिच्याखाली शरीराचा कोणताही भाग नेऊ नये.

चाक काढल्यावर बोल्टचे बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशने घासून त्यांवर गंज सोडवणारे तेल मारावे आणि ते मुरू द्यावे. त्यानंतर ब्रेकचा होज आणि एबीएसची वायर शॉकवरच्या क्लिपमधून मोकळी करावी, लिंक काढावी आणि नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) जॅकचा हलका आधार द्यावा. खालचे बोल्ट निघाल्यावर नकल बाहेर कलंडतो. त्याला तारेने बांधून ठेवले नाही तर होज ताणला जातो आणि ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) आतला सांधा निसटू शकतो. खालच्या बोल्टला कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) बदलण्याची सोय असेल, तर त्याची मूळ जागा आधी रंगाने खूण करून ठेवावी. ॲल्युमिनियमच्या आर्मवर (नकलला गाडीशी जोडणाऱ्या दांड्यावर) किंवा नकलवर हातोडा चालवू नये.

शेवटी बॉनेटखालचे, माउंट बॉडीला धरून ठेवणारे कडेचे नट काढून पूर्ण स्ट्रट खाली घ्यावा. मधला मोठा नट या टप्प्यावर सोडवू नये. दाबलेली स्प्रिंग केवळ त्या नटामुळे जागेवर असते, आणि तो निघताच ती माउंटसकट उडून जीवघेणी इजा करू शकते.

स्प्रिंग दाबण्यासाठी स्प्रिंग कंप्रेसर या साधनाचे दोन हूक एकमेकांसमोर लावून दोन्ही बाजू आळीपाळीने थोड्या-थोड्या, हाताच्या पान्यानेच आवळाव्यात. स्प्रिंग बैठकीत सैल होऊन हाताने फिरू लागली की थांबावे आणि मगच मधला नट काढून जुना शॉक वेगळा करावा. त्याहून जास्त दाबण्याने काहीच साधत नाही. या वेळी तोंड आणि हात स्प्रिंगच्या अक्षाच्या रेषेत नसावेत. चांगला कंप्रेसर नसेल तर स्ट्रट घरी काढावा, स्प्रिंग बदलण्यापुरता गॅरेजमध्ये न्यावा आणि घरी आणून बसवावा, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. त्यात कमीपणा काहीच नाही.

नवा शॉक दोन नळ्यांचा असेल तर तो उभा धरून त्याचा दांडा चार-पाच वेळा सावकाश पूर्ण आत-बाहेर करावा, म्हणजे साठवणीत आडवा पडल्याने आतल्या तेलात शिरलेला वायू निघून जातो. जास्त दाबाचा वायू भरलेल्या एका नळीच्या शॉकला याची गरज नसते. मात्र त्याचा दांडा दाबून धरणारी पट्टी कापताच दांडा आपोआप बाहेर येतो, हे ध्यानात ठेवावे. स्प्रिंगचे टोक खालच्या बैठकीतल्या पायरीला टेकलेले असावे. वरचा नट आवळताना दांडा ॲलन कीने स्थिर धरावा. त्याला पकडीने धरल्यास चकाकत्या पृष्ठभागावर ओरखडा पडतो, तो सील कापतो आणि नवा शॉक गळू लागतो. इम्पॅक्ट गन इथे वापरू नये.

बसवताना आधी सर्व नट-बोल्ट हातानेच आट्यांवर चढवावेत. कडेचे नट आणि स्ट्रटला नकल धरणारे बोल्ट मॅन्युअलप्रमाणे लगेच आवळता येतात. पण ज्या बोल्टच्या भोवती रबरी बुश आहे, तो चाक हवेत लोंबकळत असताना शेवटचा आवळू नये. असा बुश आतल्या आणि बाहेरच्या धातूच्या नळीला चिकटलेला असतो आणि पिळला जाऊनच काम करतो. खाली लोंबलेल्या स्थितीत तो जखडला, तर गाडी जमिनीवर आल्यावर कायम पिळलेला राहतो, लवकर फाटतो आणि गाडीची उंचीही बिघडवतो. म्हणून जॅकने खालचा आर्म उचलून, सुरुवातीला लिहून ठेवलेले अंतर आले की मगच टॉर्क पाना चालवावा. मात्र गाडी स्टँडवरून उचलली जात नाही ना, यावर सतत नजर असावी. नव्या स्प्रिंगमुळे गाडी बुटकी होणार असेल, तर नव्या उंचीचा आकडा धरावा.

कडकपणा बदलता येणाऱ्या शॉकच्या बाबतीत निर्माता ज्या टोकापासून मोजायला सांगतो, तिथूनच फिरवायच्या बटणाचे क्लिक मोजावेत आणि एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना सारखीच संख्या ठेवावी. सुरुवात मधल्या टप्प्यावरून करावी. पूर्ण कडक केलेला शॉक खडबडीत रस्त्यावर चाक उसळवतो, आणि हवेतल्या टायरला पकड नसते.

चाकांचे नट जमिनीवर, समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळावेत आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगाने मारावी. खड्ड्यावर ठक असा आवाज आल्यास आधी लिंकचे नट आणि वरचा माउंट पाहावा. मॅकफर्सन रचनेत स्ट्रट स्वतःच चाकाचा कोन ठरवतो, त्यामुळे खुणा जुळवूनही अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) करणे अनिवार्य आहे. डबल विशबोनमध्ये, म्हणजे चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मनी धरलेल्या रचनेत, शॉक केवळ आर्मला जोडलेला असतो; तिथे उंची बदलली नसेल आणि आर्मचे बोल्ट सोडवले नसतील, तर कोन सहसा हलत नाहीत.