जुनी औद्योगिक विद्युत उपकरणे पुन्हा वापरात आणताना या चुका टाळा

ओतीव लोखंडाच्या पेटीतले स्विच, संगमरवराच्या पाटीवर बसवलेले नाइफ स्विच, बेकेलाइटच्या चौकटीतले मीटर, इनॅमलच्या छत्रीचे दिवे अशा वस्तू बंद कारखान्याच्या कोपऱ्यात पन्नास-साठ वर्षे धूळ खात पडूनही शाबूत राहतात आणि भंगारातून सोडवून आणल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात कायमच्या निकामी होतात. याला वस्तूचे वय क्वचितच कारणीभूत असते. बहुतेक वेळा ‘चालते का ते पाहू’ म्हणून घाईने दिलेला वीजपुरवठा किंवा ‘जरा चकाचक करू’ म्हणून फिरवलेला पॉलिश पेपर तिला संपवतो.

आत काय आहे हे न जाणता पेटी उघडणे

पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, म्हणजेच पीसीबी, हा सहजासहजी न पेटणारा द्रव १९२९ पासून बाजारात आला आणि अनेक दशके कपॅसिटर व ट्रान्सफॉर्मरमध्ये भरला जात असे. अमेरिकेने १९७९ मध्ये त्याच्या उत्पादनावर बंदी घातली आणि २००१ च्या स्टॉकहोम करारात तो हद्दपार करायच्या रसायनांत गणला गेला. त्यामुळे त्या काळातला सीलबंद कपॅसिटर फुगलेला किंवा पाझरलेला दिसल्यास तो कापून पाहण्याच्या फंदात पडू नये; घातक कचरा हाताळणाऱ्या यंत्रणेकडेच तो सोपवावा. मोठे कपॅसिटर एकदा डिस्चार्ज केल्यानंतरही थोड्या वेळाने आपोआप काही व्होल्टेज परत धरतात, म्हणून त्यांची टर्मिनल तारेने जोडून ठेवावीत. स्विचमधील ठिणगी विझवणारे कप्पे आणि करड्या-काळ्या रंगाची काही पॅनेल ॲस्बेस्टॉसची असू शकतात. ती कोरडी घासणे किंवा त्यांना भोके पाडणे टाळावे. काचेच्या नळीतला पारा निदान दिसतो, पण अंधारात चमकण्यासाठी रेडियमच्या रंगाने रंगवलेली तबकडी फसवते. तिच्यातला प्रकाश देणारा पदार्थ झिजलेला असल्यामुळे ती आता चमकत नाही. रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षे असल्याने तिचा किरणोत्सर्ग जवळपास पूर्वीइतकाच राहिलेला असतो. अशा मीटरची काच काढू नये.

थेट वीजपुरवठा देणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. जुन्या वाइंडिंगचे (तारेच्या वेटोळ्यांचे) इन्सुलेशन सूत, कागद आणि व्हार्निश यांचे असते, व ते वर्षानुवर्षे हवेतला ओलावा शोषत राहते. रबराच्या वेष्टनाच्या तारा बाहेरून धडधाकट दिसतात, पण वाकवताच वेष्टनाचे टवके निघतात. (त्या रबरातले गंधक तांब्याला खाऊ नये म्हणून तारेवर कथलाचा मुलामा देत असत, तार चंदेरी दिसली म्हणून ती ॲल्युमिनियमची समजू नये.) अशा तारा टेपने झाकून वापरण्यात अर्थ नाही, त्या सरळ बदलाव्यात.

वाइंडिंगची परीक्षा मल्टीमीटरने होत नाही, कारण त्याच्या बॅटरीच्या जेमतेम व्होल्टेजला दमट इन्सुलेशनही दाद देत नाही. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशनचा अवरोध मोजणारे उपकरण) लागतो आणि तो लावण्यापूर्वी कपॅसिटर व रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारे भाग) सोडवून बाजूला करावे लागतात. जुन्या मोटारींसाठी प्रचलित ठोकताळा असा, की बॉडी आणि वाइंडिंग यांमधला अवरोध मोटारीच्या किलोव्होल्टमधील व्होल्टेजमध्ये एक मिळवून येणाऱ्या आकड्याइतका तरी मेगओहम असावा. म्हणजे ४०० व्होल्टच्या मोटारीला किमान १.४ मेगओहम. मला स्वतःला हा आकडा काठावरचा वाटतो आणि त्याच्या कित्येक पट वाचन मिळेपर्यंत मी मोटार सुरू करणार नाही. वाचन कमी आल्यास वाइंडिंग जळाले असे मानण्याची घाई करू नये; ८० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या मंद उष्णतेत ते वाळवावे. वाळताना अवरोध आधी आणखी घसरतो, मग हळूहळू चढतो आणि शेवटी स्थिरावतो. पहिल्या घसरणीलाच घाबरून अनेक जण चांगली मोटार भंगारात देतात.

यानंतरही पहिला पुरवठा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये लावूनच द्यावा. भार न जोडलेला निरोगी ट्रान्सफॉर्मर जोडताच बल्ब क्षणभर उजळून मंद होतो. तो पूर्ण तेजाने पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे. या कामाला एलईडी बल्ब चालत नाही.

नेमप्लेट अर्धवट वाचणे

व्होल्टेज जुळले म्हणजे सगळे जुळले असे नसते. ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर त्याच व्होल्टेजवर ५० हर्ट्झला जोडला, तर गाभ्यातील चुंबकीय फ्लक्स २० टक्क्यांनी वाढतो, गाभा संपृक्त होतो आणि ट्रान्सफॉर्मर गुरगुरत तापू लागतो. त्याला पाच-षष्ठांश व्होल्टेज द्यावे, म्हणजे २३० च्या जागी सुमारे १९०. एसी कॉन्टॅक्टरची (विद्युतचुंबकाने चालणाऱ्या स्विचची) कॉइल तेवढ्याच डीसी व्होल्टेजवर जोडल्यास रिॲक्टन्स, म्हणजे कॉइलचा एसीला होणारा अडथळा, नाहीसा होऊन ती जळते. एसीचा स्विच डीसीला वापरणे तर अधिक धोक्याचे, कारण डीसी प्रवाह शून्यातून जात नसल्यामुळे ठिणगी आपोआप विझत नाही. कॉन्टॅक्टर नुसता खडखडत असेल, तर चुंबकाच्या तोंडावरचा गंज पुसून पाहावा आणि तिथली तांब्याची शेडिंग रिंग (एसीमुळे होणारी थरथर रोखणारे कडे) तुटली आहे का हे तपासावे. बहुतेक वेळा कॉइलचा दोष नसतो.

मीटरच्या आकड्यांवर विश्वास ठेवणे

तबकडीवर ४०० अँपिअर लिहिले आहे म्हणून त्या मीटरमधून ४०० अँपिअर वाहत नाहीत. बारीक अक्षरांत ‘४००/५’ असे असेल, तर तो करंट ट्रान्सफॉर्मरवर (मोठा प्रवाह ठरावीक प्रमाणात लहान करून देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) चालणारा पाच अँपिअरचा मीटर आहे. ‘७५ मिलिव्होल्ट’ असे असेल, तर त्याला बाहेरचा शंट (बहुतेक प्रवाह मीटरबाहेरून नेणारा अगदी कमी अवरोधाचा तुकडा) हवा आणि शंटशिवाय तो पुरवठ्याला जोडला की क्षणात जळतो. करंट ट्रान्सफॉर्मर सोबत मिळाला असेल, तर प्राथमिक बाजूने प्रवाह वाहत असताना त्याची दुय्यम बाजू कधीही उघडी ठेवू नये. तिथे प्राणघातक व्होल्टेज तयार होते. अनोळखी मूव्हिंग कॉइल मीटर तपासताना दीड व्होल्टचा सेल आणि एक लाख ओहमचा रेझिस्टर यांपासून सुरुवात करून रेझिस्टर पायरीपायरीने कमी करत जावे.

काटा अडकत असेल, तर त्यामागे बहुधा चुंबकाच्या फटीत शिरलेला लोखंडाचा कीस असतो, म्हणून जिथे कानस चालते त्या टेबलावर मीटर उघडू नये. काच कोरड्या फडक्याने पुसल्यावर काटा भलतीकडे सरकला, तर तो स्थिर विद्युतभाराचा परिणाम असतो. काचेवर ओलसर फुंकर मारली की काटा जागेवर येतो. हे ठाऊक नसल्यामुळे शून्याचा स्क्रू विनाकारण पिळला जातो.

प्रमाणाबाहेर साफसफाई

काळवंडलेले चांदीचे कॉन्टॅक्ट पाहून हात शिवशिवतात, हे मान्य. तरी त्यांना कानस लावू नये. तो काळा थर सहसा वहनात अडथळा आणत नाही, कानस मात्र चांदीच उडवते. कम्युटेटरवरचा (मोटारीच्या फिरत्या भागावरील तांब्याच्या पट्ट्यांच्या नळकांड्यावरचा) चॉकलेटी थर हा कार्बन ब्रशने कमावलेला मुलामा असतो, तोही राहू द्यावा. खरोखरच घासणे गरजेचे असेल, तर एमरी टाळावी, कारण तिचे कण विद्युतवाहक असून पट्ट्यांच्या मधल्या फटीत रुततात, काचपेपर वापरावा.

अर्थिंग गृहीत धरणे

जुन्या लोखंडी पेट्यांचे अर्थिंग बऱ्याचदा कारखान्याच्या लोखंडी पाइपातून होत असे, आणि तो पाइप आता मागेच राहिलेला असतो. नवीन अर्थची तार जोडताना तिच्या लगखालचा (टोकाच्या धातूच्या कडीखालचा) रंग धातूपर्यंत खरवडावा, दातेरी वॉशर घालावा आणि पेटी ते प्लगच्या अर्थ पिनपर्यंतचा अवरोध मोजावा. तो एक ओहमच्या बराच खाली यायला हवा. रंगवलेल्या बिजागरीवर भिस्त ठेवू नये. दारावर मीटर किंवा बटण असेल, तर दार आणि पेटी यांच्यामध्ये तांब्याची लवचीक वेणी वेगळी बसवावी व दार पूर्ण उघडल्यावर ती ताणली जात नाही ना, हे पाहावे.