गरोदरपणात घोरणं वाढलंय? घरच्यांनी काय ऐकायचं, काय करायचं

ओटीभरणाच्या गडबडीत भाचीच्या नवऱ्यानं मला बाजूला घेतलं. "मावशी, ही हल्ली लई घोरती. मधेच आवाज बंद पडतो, मग एकदम दचकून श्वास घेती." सासूबाईंनी ऐकलं. "पोटुशी बाई घोरणारच की!"

दोघांचंही खरं होतं. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे हार्मोन वाढून नाकातलं अस्तर सुजतं, वजन वाढून घशाची वाट अरुंद होते, पोट श्वासपटलाला वर ढकलतं. म्हणून कधी न घोरलेलीही घोरू लागते. पण श्वास थांबणं वेगळं. घसा मिटून श्वास दहा सेकंद किंवा जास्त अडतो, असं वारंवार होतं, तो स्लीप अ‍ॅप्निया. त्याच्यासोबत गरोदरपणातला रक्तदाब आणि मधुमेह यांचा धोका वाढलेला दिसतो.

आधी ऐका. घोरणारीला स्वतःचं घोरणं कळत नाही, त्यामुळं हे काम शेजारी झोपणाऱ्याचं. तिला सांगून दोन-तीन रात्री मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा. आठवड्यातून किती रात्री घोरते, बंद दाराबाहेर आवाज येतो का, मधे शांतता पडते का, गुदमरून जाग येते का, हे लिहून ठेवा. सकाळी डोकं जड असणं, दिवसा बसल्या जागी डुलकी लागणं, तेही लिहा. ते रेकॉर्डिंग चेष्टेसाठी चारचौघांत वाजवू नका. आपल्याकडं बायका घोरण्याची फार लाज बाळगतात आणि मग डॉक्टरांपुढंही गप्प बसतात.

झोपताना कुशीवर. 28 आठवड्यांनंतर तर उताणं झोपूच नये. घसा जास्त मिटतो आणि गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो. डावी कूस उत्तम, उजवीही चालते. पाठीशी वाकळीची गुंडाळी ठेवली की अंग उलटत नाही. रात्री जाग आली आणि उताण्या असलात तर घाबरू नका, कूस बदला. गादीचा डोक्याकडचा भाग खालून उंच करा. नुसत्या दोन उशांनी मान मुडपते.

नाक चोंदलं तर सलाईनचे थेंब घाला. नाक मोकळं करणारी औषधं, सर्दीच्या गोळ्या आणि झोपेची गोळी डॉक्टरांना न विचारता नको. मिश्री, तंबाखू बंद. गुऱ्हाळाचा किंवा पाचट पेटवल्याचा धूर येत असेल तेव्हा खिडक्या लावून घ्या. तांबडा रस्सा खायचाच तर दुपारी. रात्री उशिरा जेवून लगेच आडवं झालं की आम्ल घशाशी येतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तपासणीला वजन होतं, रक्तदाब होतो, झोपेचं विचारायचं राहूनच जातं. म्हणून तुम्हीच सांगा, आणि "झोप लागत नाही" असं नव्हे, तर "झोपेत श्वास थांबतो" असं. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जाताना लिहिलेला कागद सोबत न्या. गरज वाटली तर डॉक्टर छातीच्या किंवा कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडे पाठवतात. झोपेची तपासणी काही वेळा छोटं यंत्र लावून घरीही होते. त्रास ठरला तर सीपॅप मशीन मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवतं. गरोदरपणात ते सुरक्षित आहे. भाचीनं पहिल्या रात्री मास्क काढून टाकला होता. चौथ्या रात्रीपासून सलग झोपू लागली.

रक्तदाब 140/90 किंवा वर, असह्य डोकेदुखी, डोळ्यांपुढं अंधारी, बरगडीखाली दुखणं, चेहऱ्याला अचानक सूज, बाळाची हालचाल कमी होणं किंवा आडवं होताच धाप लागणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा.

बाळंतपणाला दाखल होताना मशीन बरोबर न्या आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना घोरण्याबद्दल आधीच सांगा. बाळंतपणानंतर घोरणं बऱ्याचदा कमी होतं, तरी काही महिन्यांनी पुन्हा तपासून घ्या.