घरचा व्यायाम कधी बदलायचा: माझा अनुभव
जोर २० वर अडकले की अख्खं वेळापत्रक बदलावंसं वाटतं. घोटाळा तिथेच होतो. दर आठवड्याला नवा व्यायाम धरला की अंग दुखतं, पण ते नवेपणाचं दुखणं. ताकद वाढली का, हे पडताळायला जुना आकडाच उरत नाही. म्हणून वही ठेवा. झोप-जेवण नीट असूनही सलग तीन आठवडे आकडा हलला नाही, तरच बदला. सांध्यात कळ आली तर मात्र तो व्यायाम त्याच दिवशी थांबवा.

बदल एका वेळी एकच. जोर मारताना खाली जायला मनात ३ मोजा, तळाशी क्षणभर थांबा, मग वर या. २० मारणारा इथे ८-१० वरच थांबतो. असे १२ चे ३ सेट जमले की पाय पाटावर घ्या. बैठकांसाठी पाठीवरच्या दप्तरात ५ किलो ज्वारी भरा, पुढे किलोकिलोनं वाढवा.

ओढण्याचा व्यायाम घरी हमखास राहून जातो. ५ लिटरचा भरलेला कॅन घ्या, कमरेतून वाका, पाठ सरळ ठेवा, कोपर बरगडीला घासत मागे न्या.

सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याची खोली संध्याकाळीही भट्टीच असते. तेव्हा सकाळी सहाला करा, नेहमीपेक्षा एक सेट कमी, मध्ये ९० सेकंद विश्रांती. उन्हानं घसरलेला आकडा बदलाचं कारण धरू नका. आणि चादरीची घडी पाठीखाली ठीक, पण जोर मारताना तळहाताखाली नको. फरशीवर ती सरकते आणि मनगट मुरगळतं.