आउटबोर्डच्या लेगवर पांढरी पावडर? या चुका टाळा

मालवण-तारकर्लीला सीझन संपून बोटी वर काढल्या की दरवर्षी तेच. लेगचा, म्हणजे बोटीच्या मागे टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनाच्या पाण्यात जाणाऱ्या खालच्या भागाचा, रंग फुगलेला, नखाने उचकटला की खाली पांढरी पावडर आणि खड्डे, आणि मग म्हणे कंपनीने हलकं अ‍ॅल्युमिनियम वापरलंय. अहो, अ‍ॅल्युमिनियमला वाचवतो तो त्याच्यावरचा ऑक्साइडचा पातळ थर, खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड तो जिथे फोडतं तिथे खड्डा पडणारच, पण निम्मं काम आपणच करून ठेवतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे लेगवर तांब्याचा अँटीफाउलिंग रंग, बुडाला शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून मारतात तो. एका बोटवाल्याने लाकडी होडीच्या बुडाला मारून उरलेला डबा लेगवर संपवला, वर झिंकलाही, म्हणजे लेगवर बोल्टने बसवलेल्या जस्ताच्या तुकड्यालाही, फासला. "झिंकाक पन रंग मारलंय, नवो दिसता मां?" आता काय बोलायचं! रंगातलं तांबं पाण्यात सुटतं, अ‍ॅल्युमिनियमवर जाऊन बसतं, ठिकठिकाणी बारीक बॅटरी तयार होते आणि झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. झिंकचं तर कामच लेगऐवजी स्वतः झिजायचं, पण रंगाखाली गाडल्यावर ते काय करणार? त्याच सीझनला गिअरकेसला, म्हणजे लेगमधल्या गिअरच्या पेटीला, आरपार भोक पडलं, आत पाणी, गिअर ऑइल पांढरंफटक.

मी जुना रंग पूर्ण काढतो, तोही नायलॉनच्या ब्रशने, कारण लोखंडी वायरब्रशचे कण रुतून बसतात आणि ते पुन्हा गंजाला आमंत्रण. मग गोड्या पाण्याने धुवायचं, नीट वाळवायचं, झिंकला टेप लावायची, एपॉक्सी प्रायमर आणि त्यावर तांबं नसलेला रंग. "उद्या सकाळी बोट पाण्यात पाहिजे" म्हणणाऱ्याला मी सरळ दुसरीकडे पाठवतो.

झिंक वर्षभर तसंच्या तसं राहिलं म्हणून खूश होणारे पण भेटतात. बाबा, ते झिजत नाही म्हणजे त्याचा लेगशी कॉन्टॅक्टच नाही, बोल्ट काढ, खालचा रंग घासून धातूला धातू लागू दे. अर्धं झिजलं की बदला, शेवटच्या तुकड्याची वाट बघू नका.

झिंकच्या जागी बसवतात तो मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड (झिजायला ठेवलेला तुकडा) गोड्या पाण्यासाठी असतो, समुद्रात नको, नाहीतर जास्तीच्या करंटने रंगच सुटतो.

लेग अर्धवट वर उचलून बोट नांगरली आणि झिंक हवेत राहिलं, तर पाण्यात बुडालेल्या भागाला कोणी वाली नाही.

स्टीलचे बोल्ट कोरडे आवळू नका, मरीन ग्रीस लावा.

पावडर काढायला अ‍ॅसिड किंवा कॉस्टिक तर अजिबात नको, दोन्ही अ‍ॅल्युमिनियम खातात.

आणि संध्याकाळी किनाऱ्याला आल्यावर गोड्या पाण्याची नळी लावून इंजिन दहा मिनिटं चालवा. याचा कंटाळा येत असेल तर माझ्याकडे खड्डे भरायला येऊ नका, मी भरत नाही.